छाट

निपाणीत, तंबाखूच्या वखारीवरल्या खोलीत
पंखा लावला की शिंका येतात,
बंद केला की लॅपटॉप तापतो.
खिडकी म्हणून अर्धीच उघडी,
आणि पडद्यावर नऊ हजार ओळी.

एक ओळ म्हणजे बिडी वळणारी एक बाई.
तास किती, हजारी किती, मजुरी किती,
घरात बोलायची भाषा: एक, दुसरी, का दोन्ही.
शेवटच्या रकान्यात वजन,
म्हणजे तिच्यासारख्या किती जणी
तिच्या पाठीमागं न दिसता बसल्यात.
अकोळची एक साडेचारशेंची,
बेनाडीची एक जेमतेम तिघींची.
चिकोडीचा बसगौडा त्याला तूक म्हणतो.
सगळ्यांचं तूक मिळून
ऐंशी हजार चारशे बारा.

प्रत्येकीला प्रत्येकीशी ताडायचं
तर आठ कोटी दहा लाख वेळा.
मशीन हुं की चूं करत नाही, नुसतं गरम होतं.
"विरळणी कर की," बसगौडा म्हणाला,
"जोंधळ्यात नाही का करत?"

आधी बीज द्यावं लागतं.
मी १९८३ दिलं, हौसाआत्याला कार्ड मिळालं ते साल.
तेच बीज घातलं की उद्याही त्याच जणी उरतात.
आत्या म्हणाली असती,
चिठ्ठीच ती, फक्त डबा पाठ असलेली.

पहिल्या खेपेला सरासरी मजुरी आली
आणि मला हसूच आलं.
एवढी कुणाला मिळती गं, निपाणीत?
रात्री अकराला सापडलं:
वजन बघून निवडलं होतं
आणि निवडून झाल्यावर पुन्हा वजनानं गुणलं होतं.
जड ती दोनदा जड.
हलकी एकदा गळली, उरली तिथंही दबली.

आत्याबरोबर कारखान्यावर जायची मी, सात वर्षांची.
चेकर कट्टा उचलायचा, अंगठ्यानं दाबायचा,
दोन मऊ लागल्या की सगळा कट्टा बाजूला.
छाट.
त्यांची मजुरी नाही.
पण बाजूचं पोतं
संध्याकाळी भरलेलं असायचं, सकाळी नसायचं.
आत्या भांडायची नाही. एवढंच म्हणायची,
"काढलीस ती काढलीस. मोज तरी."

पुन्हा लिहिलं.
उंबरठा शंभराचा.
वजन त्याच्या वर असलेली राहील, आपल्या वजनासकट.
खालच्यांच्या चिठ्ठ्या.
तिघींची असेल तर शंभरात तीनदाच राहील,
पण राहिली
तर शंभरांची होऊन राहील.
गेलेल्यांचं कुठंतरी जाऊन बसायलाच पाहिजे.

सातशे एकेचाळीस उरल्या.
बेरीज अठरासेनं कमी.
दुसरं बीज दिलं, बावीसशेनं जास्त.
मग हट्टानं पन्नास बीजं घातली, पहाटेपर्यंत,
आणि पन्नासांची सरासरी
जुन्या आकड्यापासून दोनशेवर येऊन थांबली.
एवढ्यावर मी झोपू शकते.

सकाळी १९८३ ची यादी वाचत बसले.
बेनाडीची ती होती.
तास चौदा. भाषा दोन्ही.
काल तिघींची होती,
आज तिच्या सुपाकडं आणखी सत्त्याण्णव जणी बघतायत
ज्यांची तिची ओळख नाही.
तिला कुणी विचारलं नाही.
मीही कुठं विचारलं?

उरल्या त्या मशीनला दिल्या.
गेलेल्या आठ हजार दोनशे एकोणसाठ
वेगळ्या फाइलीत ठेवल्या,
नाव दिलं छाट,
आणि खाली आकडा घातला.

बसगौडा जिन्यातूनच ओरडला,
साकु गं, चहा निवला.
खाली वखारीत काटा लागला होता,
हमाल आकडे सांगत होता, निम्मे कानडीत,
आणि मी एकेक जुळवत उतरले.